गंजसाखळीतला रफार

सिंधूताई रंगारी यांनी नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. शाळेची पुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्या, जे येईल ते. त्यांची वाचायची रीत उलटी होती. पानाच्या शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची आणि एकेक शब्द मागे सरकत पहिल्याशी थांबायचं. अर्थ लागला की चूक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे हजारो पुस्तकं त्यांच्या डोळ्यांखालून गेली आणि त्यांतल्या एकातही पुढे काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

निवृत्त झाल्यावर डोळे काही निवृत्त होईनात. घर जरीपटक्याच्या बाजारामागे. भाजीला निघाल्या की पिशवीत खडू असायचा. ‘शुध्द तूप’ लिहिलेल्या पाटीखाली त्या बारीक अक्षरात ‘शुद्ध’ लिहून पुढे जायच्या. शेजारच्या घरून लग्नपत्रिका आली, तर त्यांनी तिच्यावर लाल शाईनं नऊ खुणा करून ती परत पाठवली. त्या घरानं आमंत्रण नाकारलं असं समजून बोलणं टाकलं. लेक दीक्षा पॉलिटेक्निकात शिकवायची. तिनं आईला समजावलं, की लोक पत्रिका मुद्रित म्हणून पाठवत नाहीत. सिंधूताईंना ते पटलं नाही. स्वतः बोलताना त्या ‘मले’ आणि ‘तुले’च म्हणायच्या, पण बोललेलं वाऱ्यावर जातं आणि छापलेलं राहतं, हा त्यांचा कायदा होता.

मग मौद्याला नात्यातलं एक लग्न आलं आणि तिथं त्यांची कांताबाई मोहतुरेंशी गाठ पडली.

कांताबाई तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळाची भांडी लग्नकार्याला द्यायची आणि परत घ्यायची, हे त्यांचं काम. आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. तीनशे माणसांचं वरण शिजेल एवढा तांब्याचा गंज आसपासच्या गावांत मिळून एकच होता, आणि तो कोणाकडे आहे यावरून दर उन्हाळ्यात दोनतीन घरांचं बोलणं बंद व्हायचं. यावर औष्णिक वीज केंद्रात नोकरी करणाऱ्या अनंत भोयरनं तोड काढली होती. त्याच्या स्वतःच्या लग्नात ऐनवेळी गंज सापडला नाही आणि भात पाण्याच्या टाकीत शिजवावा लागला. ते त्याच्या मनाला इतकं लागलं, की त्यानं दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून भांड्यांची ब्लॉकचेन तयार केली आणि तिला नाव दिलं गंजसाखळी.

प्रकार सोपा होता. कोणतं भांडं कोणाला दिलं, कधी परत आलं, याची नोंद फोनवर करायची. प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीचा ठसा असायचा, म्हणून मधली एखादी बदलली तर पुढच्या सगळ्यांचे ठसे जुळेनासे होत. शिवाय पूर्ण साखळी एक्केचाळीस गावांच्या एक्केचाळीस मंडळांकडे, प्रत्येकाच्या फोनमध्ये. एकानं खोटं लिहिलं तर चाळीस ओरडणार. पहिल्याच उन्हाळ्यात एकही झारा हरवला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात लोक साखळीची शपथ घेऊ लागले.

कांताबाईंनी मोठ्या अभिमानानं फोन पुढे केला. पडद्यावर लिहिलं होतं: ‘भांडि जमा झालि.’ सिंधूताईंना पुढचा घास गेला नाही.

त्यांनी अनंतचा शोध घेतला. तो त्याच मांडवात वाढत होता. हातातली बादली खाली ठेवून त्यानं नम्रपणे सांगितलं, की मराठी त्यानं घाईत टाइप केली आहे, पण प्रोग्राम ओपन सोर्स आहे, सगळा उघडा ठेवलेला. कोणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी, राखणदारानं, म्हणजे प्रोग्राम सांभाळणाऱ्यानं, मान्य केली की ती आत जाते. सिंधूताईंनी त्याला हे दोनदा सांगायला लावलं. कच्चं मुद्रित कोणीतरी आपणहून जगासमोर ठेवलंय आणि दुरुस्त्यांची वाट पाहतंय, असं एकतीस वर्षांत त्यांनी ऐकलं नव्हतं. लेखक लोक तर वेलांटीसाठी भांडायला छापखान्यात यायचे.

दीक्षानं जुना लॅपटॉप दिला आणि दुरुस्ती कशी पाठवायची ते शिकवलं. पहिल्या महिन्यात सिंधूताईंनी चारशे बारा दुरुस्त्या पाठवल्या. मराठी संपलं तेव्हा त्या प्रोग्रामकडे वळल्या. तो इंग्रजी अक्षरांत होता आणि त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणजे वाचायला अगदी योग्य मजकूर. शेवटच्या ओळीपासून त्या वर सरकत गेल्या. ‘परत आलं’ या अर्थाचा एक शब्द दोनशे सहा ठिकाणी एकसारखा होता, आणि दोनशे सातव्या ठिकाणी त्यातलं एक अक्षर गळलं होतं. त्यांनी खूण करून पाठवली.

अनंत आपल्या टेबलाशी कपाळाला हात लावून बसला. त्या गळलेल्या अक्षरामुळे एकाच दिवशी दोन भांडी परत आली तर एकच जमा व्हायचं. कुहीकडच्या एका गावातला माणूस आठ महिने सांगत होता, की परात मी परत केली, पण साखळी नाही म्हणत होती आणि साखळी खोटं बोलत नाही, म्हणून त्याला कोणी पंगतीला बोलवत नव्हतं. परात मंडळाच्या खोलीतच होती. ती सगळ्यांना रोज दिसायची, पण नोंद नसल्यानं कोणी तिला हात लावत नव्हतं.

त्यानंतर अनंतनं सिंधूताईंना राखणदार केलं. आता कोणतीही दुरुस्ती त्यांच्या होकाराशिवाय आत जाईना.

गंजसाखळीचा बोलबाला दूरवर गेला होता. फिनलंडमधल्या एका गावानं शिड्या उसन्या देण्यासाठी ती घेतली, लिस्बनच्या एका नाटकमंडळीनं कपड्यांसाठी. तिकडचे प्रोग्रामरही दुरुस्त्या पाठवत. सिंधूताईंना त्या समजत नसत. एखादी स्वल्पविरामाची गडबड दिसली, की त्या छापखान्यातल्या सवयीनं शेरा मारायच्या: ‘पुन्हा वाचा.’ चूक कुठे आहे ते सांगायच्या नाहीत, सांगितलं तर माणूस तेवढंच पाहतो. तिकडचे लोक भाषांतरयंत्रातून तो शेरा काढत आणि हादरून आपलं सगळं काम पहिल्यापासून तपासत. त्यात त्यांना स्वतःच्याच दहा मोठ्या चुका सापडत. लिस्बनच्या एकीनं अनंतला विचारलं, की रंगारी या विषयात किती वर्षं आहेत. अनंतनं खरं तेच कळवलं, की एकतीस वर्षं वाचन, आता निवृत्त. नंतर कळलं, की तिनं नोकरी सोडून पुन्हा विद्यापीठात नाव घातलंय.

इकडे सिंधूताई प्रोग्राम संपवून साखळीच वाचू लागल्या होत्या. सहा हजारांवर नोंदी, अर्थात शेवटच्यापासून. नोंदी आकड्यांतच साठवलेल्या असत, म्हणून फक्त माणसांची आणि गावांची नावं तपासायची होती. पहिल्या नोंदीशी पोचायला त्यांना अकरा महिने लागले.

पहिली नोंद तेवढी अनंतनं हातानं टाइप केली होती. सुरुवातीची ओळ म्हणून. तिच्यात लिहिलं होतं: ‘सावर्जनिक भांडी नोंद सुरू.’

‘व’च्या डोक्यावर असायला हवा होता तो रफार ‘ज’च्या डोक्यावर जाऊन बसला होता.

सिंधूताईंनी दुरुस्ती पाठवली. अनंतचा फोन आला. त्यानं समजावलं, की प्रोग्राम बदलता येतो, नोंद बदलता येत नाही, तोच तर साखळीचा प्राण आहे. त्या पहिल्या नोंदीचा ठसा दुसरीत आहे, दुसरीचा तिसरीत, असं करत कालच्या नोंदीपर्यंत. तो रफार सहा हजार तीनशे नोंदींच्या पायाखाली आहे.

“म्हणजे हे असंच राह्यणार?” सिंधूताईंनी विचारलं.

“कायमचं, ताई.”

चार दिवस त्यांनी लॅपटॉप उघडला नाही. दीक्षाला वाटलं आईला बरं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी अनंतला बोलावून घेतलं आणि काहीच का मार्ग नाही असं खोदून विचारलं, तेव्हा त्यानं नाइलाजानं सांगितलं, की एक आहे. अर्ध्याहून जास्त मंडळांनी ठरवलं, तर पहिल्या नोंदीपासून सगळी साखळी नव्यानं ठसे घालून लिहिता येईल. पण जे मानणार नाहीत ते जुनी चालू ठेवतील, आणि मग साखळ्या दोन होतील. सिंधूताईंनी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. छापखान्यात चुकीची आवृत्ती रद्दीत जायची. तिनं रद्दीत जायला नकार दिल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तो सगळा हिवाळा त्या एसटीनं फिरल्या. पिशवीत एका पुठ्ठ्यावर दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेले, एक लाल, एक काळा. पाणी, चहा झाला की पुठ्ठा बाहेर काढायच्या. बऱ्याच गावांत लोक दोन्ही शब्द पाहून म्हणाले, की दोन्ही सारखेच आहेत. एका सरपंचाला वाटलं रफार म्हणजे कोणीतरी इसम आहे. त्याचं नाव कमी केल्यावर तो कोर्टात जाणार नाही असं त्यानं लिहून मागितलं. सिंधूताईंनी लिहून दिलं. एका ठिकाणी मंडळ फुटलं, रफारवाले चावडीत बसू लागले आणि दुसरे पाण्याच्या टाकीखाली. कांताबाईंचं मंडळ पहिल्याच दिवशी सिंधूताईंच्या बाजूनं उभं राहिलं होतं.

कुहीजवळच्या गावात दादाजी तितरमारेंनी मात्र पुठ्ठा हातातही घेतला नाही. दादाजी पंच्याहत्तरीचे, तिथल्या मंडळाचे जुने अध्यक्ष. अनंतचंही मूळ गाव तेच. आमच्या मंडळाच्या पाटीवर हेच लिहिलंय, अनंतनं पाटी पाहूनच घातलंय, आम्ही पाटी बदलवणार नाही, एवढं बोलून ते धानाच्या मळणीकडे निघून गेले.

मतं पडली. एकवीस विरुद्ध वीस. माघ महिन्यात शुद्ध साखळी सुरू झाली. सिंधूताईंनी ती अख्खी पुन्हा तपासली. एकाही अक्षरात चूक नव्हती. त्या दिवशी त्यांनी श्रीखंड आणलं.

वीस मंडळं जुन्या साखळीवर राहिली. त्यात काही बिघडलंय असं दोन महिने कोणाला वाटलं नाही. भांडी तीच होती, पण त्यांची आयुष्यं वेगळी होत गेली. एका साखळीत जी परात आंभोऱ्याकडे गेली होती, ती दुसरीत घरीच विसावली होती.

एप्रिलात दादाजींच्या नातीचं, अपेक्षाचं लग्न निघालं. जुन्या साखळीवर गंज त्यांच्या नावानं लागला आणि आदल्या दिवशी दारात आला. लग्नाच्याच दिवशी मौद्याला कांताबाईंच्या नातवाच्या नामकरणाचं जेवण होतं, संध्याकाळी. शुद्ध साखळीवर गंज मोकळा होता, तो त्यांनी आपल्या नावावर घेतला. साखळीनं लगेच कळवलं, की गंज मौद्याला पोचला.

तो काही पोचला नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी कांताबाई पाच बायकांना घेऊन मालवाहू गाडीतून दादाजींच्या मांडवात उतरल्या. चुलीवर गंज होता, गंजात तीनशे माणसांचं वरण होतं आणि वरणाला नुकती उकळी आली होती.

कांताबाईंनी भांडण केलं नाही. त्यांनी फोन दाखवला. “माह्या साखळीत हा गंज कालपासून मौद्यात आहे.”

“मंग हे वरण कशात शिजून राह्यलं वं?” दादाजींनी विचारलं.

कांताबाईंनी वाकून पाहिलं. “ते मले नाई माहीत.”

दादाजींनी आपला फोन आणला. दोन्ही पडदे शेजारी धरले. एकीकडे एकवीस, दुसरीकडे वीस मंडळांची साक्ष होती. जमलेल्या पाहुण्यांत कोणी म्हणालं, की गंज तर डोळ्यांना दिसतोय. त्यावर दुसऱ्यानं आठवण दिली, की ती परातही आठ महिने डोळ्यांना दिसत होती आणि नोंद नव्हती, तेव्हा डोळ्यांचं काही खरं नाही. हे सगळ्यांना पटलं. आचाऱ्यानं पळी खाली ठेवली. जो गंज कदाचित मौद्यात आहे, त्यातलं वरण ढवळायची जबाबदारी तो घेईना. मौद्याच्या बायका चुलीभोवती मांडी घालून बसल्या. कोणीतरी चुलीतली लाकडं मागे ओढली, तरी वरण हळूहळू खाली लागायला लागलं. नवरी हळदीच्या अंगानं दारात येऊन पाहून गेली.

अनंत वऱ्हाड्यांतच होता. त्यानं मोटरसायकल काढली आणि नागपूर गाठलं. साडेदहाला तो सिंधूताईंना मागे बसवून परत आला. वाटेत त्यानं सगळं सांगितलं होतं.

त्यांना खुर्ची दिली. त्यांनी चष्मा पुसला आणि आधी कांताबाईंचा फोन घेतला. शेवटून वाचत गेल्या. मग दादाजींचा घेतला, तोही शेवटून. वाचून झाल्यावर त्यांनी दोन्ही फोन दोन हातांत धरले. त्यांना काय वाटत होतं ते त्यांनी पुढे दीक्षाला सांगितलं. एका हातात निर्दोष मजकूर होता, त्यांनी स्वतः अक्षर न् अक्षर पाहिलेला. दुसऱ्या हातात ज्याच्या पहिल्याच शब्दात घोडचूक आहे असा. आणि मध्ये करपायला लागलेल्या वरणाचा वास येत होता. आयुष्यात पहिल्यांदा, म्हणाल्या, मजकुराच्या अर्थाकडे पाहावं लागलं.

त्या उठल्या, चुलीशी गेल्या आणि गंजाच्या काठाला बोट लावलं. बोट भाजलं.

“कांताबाई,” त्या म्हणाल्या, “गंज इथं आहे.”

“पण आपल्या साखळीत एक चूक नाई. तुम्हीच तपासली.”

“अक्षराची नाई. शुद्ध आहे ते. पण खोटं आहे.”

कांताबाईंचा चेहरा उतरला. सिंधूताईंनी त्यांचा हात धरला आणि नामकरणाचं जेवण किती वाजता आहे ते विचारलं. सात वाजता, असं कळलं. इथली पंगत दोनपर्यंत उठणार होती. तीनला गंज घासून मौद्याच्या गाडीत चढवता येईल, हे तोवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण साखळीत अर्ध्या दिवसाची सोय नव्हती. आचाऱ्यानं पळी उचलली. वरण थोडं लागलंच होतं. मौद्याच्या बायका जेवूनच गेल्या आणि लागलेल्या वरणाची चव चांगली आहे असं त्यांचं मत पडलं.

जेवणं झाल्यावर दादाजी सिंधूताईंना मंडळाच्या खोलीकडे घेऊन गेले. पाटी पत्र्याची होती, निळ्यावर पांढरी अक्षरं. त्यांनी सांगितलं, की ती मोठ्या भावानं रंगवली. भाऊ शाळेत गेला नव्हता. चाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकला आणि त्यानं आयुष्यात लिहिलेलं हे एवढंच, पुढच्या पावसाळ्यात तो साप चावून गेला.

“त्याले कोणी सांगतलं नाई,” दादाजी म्हणाले. “सगळ्याईले वाटलं, लिहिलं हेच लय झालं.”

सिंधूताईंनी पाटीवरचं ‘सावर्जनिक’ वाचलं. खडू पिशवीत होता. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

घरी आल्यावर दोन दिवसांनी त्यांनी अनंतला फोन करून विचारलं, की साखळीत आधीचं पुसता येत नाही, पण शेवटी नवीन जोडता येतं ना. तो म्हणाला, तेच तर करता येतं. मग त्यांनी त्याला छापखान्यातली जुनी रीत सांगितली. पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर पुस्तक फाडत नाहीत. मागे एक पान जोडतात. अनंतनं त्याची सोय प्रोग्रामात केली आणि जुन्या साखळीवर नवी नोंद पडली: ‘शुद्धिपत्र. नोंद क्रमांक १ मध्ये सावर्जनिक असे आहे. सार्वजनिक असे वाचावे.’ नऊ दिवसांत एकवीसही मंडळं जुन्या साखळीवर परतली. सर्वांत आधी कांताबाईंचं.

इथंच हे थांबायला हवं होतं. पण शुद्धिपत्राची सोय उघडी राहिली होती आणि ती कोणीही वापरू शकत होतं. आठवड्याभरात एका गावाहून नोंद आली: ‘झारा परत केला असे आहे. केला नव्हता असे वाचावे. उद्या करतो.’ ती वाचून दुसऱ्यांना धीर आला. कोणी लिहिलं, की दोन हजार सहाच्या पंगतीत मी भाच्याला मुद्दाम शेवटी वाढलं, ते चुकून असे न वाचता मुद्दाम असेच वाचावे. फिनलंडच्या गावात एका बाईनं शिडीबद्दल लिहायला सुरुवात केली आणि तिचं शुद्धिपत्र तिच्या लग्नापर्यंत गेलं. लिस्बनच्या नाटकवाल्यांनी तर दर सोमवार त्यासाठीच राखून ठेवला. गंजसाखळी घेणाऱ्या गावांचा आकडा वर्षात तिप्पट झाला, आणि भांडी नसलेली गावंही ती मागू लागली.

एकदा आत गेलेलं बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक शुद्धिपत्र आधी राखणदाराच्या नजरेखालून जातं. सिंधूताई सकाळी नऊला बसतात. रोज चाळीसपन्नास तरी येतात. आता त्या प्रत्येक मजकूर दोनदा वाचतात, एकदा शेवटून आणि एकदा सुरुवातीपासून, त्यामुळे वेळ दुप्पट जातो आणि दुपारची झोप गेली. दीक्षानं काम वाटून घे असं सांगून पाहिलं. त्या तयार नाहीत. सध्या मांढळकडचे दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या शुद्धिपत्रांवर शुद्धिपत्रं पाठवत आहेत, गेल्या महिन्यापासून, एका सतरंजीवरून. सिंधूताईंनी त्यांना दिवसाला प्रत्येकी एक अशी मर्यादा घालून दिली आहे. धाकट्याचं शुद्धलेखन चांगलं आहे. मोठ्याचं सुधारतंय.